बास्केटबॉलचा मोठा खेळाडू जातो तेव्हा: श्रद्धांजलीतले आकडे वाचायचे कसे?

अमेरिकेतला एखादा मोठा बास्केटबॉलपटू गेला की आपल्याकडे क्रीडापानावर आणि मोबाईलवर आकड्यांची एक ओळ येते. बिल रसेल ३१ जुलै २०२२ ला वयाच्या ८८ व्या वर्षी गेले. त्यांची ओळ अशी: १३ मोसमांत ११ विजेतेपदं, ५ वेळा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, सामन्यामागे १५.१ गुण आणि २२.५ रिबाउंड. जालना-परभणीच्या वाचकाला क्रिकेटची सरासरी तोंडपाठ असते, कबड्डीतल्या चढाया-पकडी कळतात. ही ओळ मात्र अर्धीच लागते. १५.१ म्हणजे चांगलं की बेताचं? आजचे नावाजलेले खेळाडू तर तिशी गाठतात. मग ११ विजेतेपदं आली कुठून?

आमचं म्हणणं एकच आहे. खेळाडूचे आकडे वाचण्याआधी त्याच्या काळात नियम काय होते आणि मोजलं काय जात होतं, ते बघायला हवं. ते न बघता लिहिलेली श्रद्धांजली भलताच माणूस उभा करते. शेवटी हीच नजर आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या खेळाडूंकडेही वळवू, कारण तिथली अडचण याहून मोठी आहे.

आधी पाच-सहा शब्द

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग. आज तिच्यात ३० संघ आहेत, त्यातला एक कॅनडातला. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो आणि १६ संघ पुढच्या बाद फेऱ्यांत जातात, त्यांना प्लेऑफ म्हणतात. सामना १२ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे ४८ मिनिटांचा.

चेंडू रिंगमध्ये गेला की २ गुण, मैदानावरच्या कमानीबाहेरून टाकला तर ३, आणि फाउलनंतर मिळालेल्या फ्री थ्रोचा १. हुकलेला चेंडू उडी मारून ताब्यात घेतला की रिबाउंड. ज्याच्या पासवर लगेच बास्केट झाली त्याच्या नावावर असिस्ट. प्रतिस्पर्ध्याचा शॉट हवेत अडवला तर ब्लॉक, आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला तर स्टील.

एक गोष्ट बातमीत कधीच सांगितलेली नसते. ‘कारकिर्दीतले गुण’ म्हणून जो आकडा येतो तो फक्त साखळी सामन्यांचा असतो. लॉस एंजेलिस लेकर्स संघाच्या कोबी ब्रायंट यांचे ३३,६४३ गुण सगळीकडे छापले जातात. प्लेऑफमधले ५,६४० गुण त्यात नाहीत, आणि त्यांची पाचही विजेतेपदं त्या वेगळ्या ठेवलेल्या सामन्यांतूनच आली.

रास मोठी की उतारा?

दोन शेतकरी घ्या. एकाने २० एकरांत १०० क्विंटल सोयाबीन काढलं, दुसऱ्याने ६ एकरांत ६०. रास पाहिली तर पहिला पुढे. एकरी उतारा पाहिला तर पहिल्याचा ५, दुसऱ्याचा १०. पण त्या वर्षी पाऊस कसा होता हे विचारल्याशिवाय जाणता शेतकरी निकाल देणार नाही. सगळ्या शिवाराचाच उतारा १२ पडला असेल तर १० क्विंटलचं कौतुक कशाला? आणि दुष्काळात शिवार ३ वर आलं असेल तर ५ सुद्धा भारी.

बास्केटबॉलमध्ये कारकिर्दीतले एकूण गुण म्हणजे रास आणि सामन्यामागची सरासरी म्हणजे उतारा. त्या मोसमात सगळी लीग किती वेगाने खेळत होती आणि किती शॉट टाकत होती, हा पाऊस. श्रद्धांजलीच्या ओळीत पहिल्या दोन गोष्टी असतात, पाऊस नसतो.

विल्ट चेंबरलेन: ५०.४ चा मोसम

२१६ सेंटीमीटर उंचीचे विल्ट चेंबरलेन १२ ऑक्टोबर १९९९ ला, ६३ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. १९६१-६२ च्या मोसमात त्यांनी ८० सामन्यांत ४,०२९ गुण केले, म्हणजे सामन्यामागे ५०.४. याच मोसमात २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी त्यांनी एका सामन्यात १०० गुण केले. ६३ शॉटपैकी ३६ आत गेले, त्याचे ७२. फ्री थ्रो ३२ पैकी २८. फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९-१४७ असं हरवलं. सामना बघायला सव्वाचार हजारांच्या आतच लोक होते आणि त्याचं चित्रीकरण आज कुठेच नाही.

आता पाऊस बघू. त्या मोसमात एकेक संघ सामन्याला शंभराच्या वर शॉट टाकत होता, शंभरातले ४२-४३ आत जात होते. आज संघ नव्वदच्या आसपास शॉट टाकतो आणि शंभरातले ४७ च्या आसपास आत जातात. गणित करून बघा. तेव्हा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १२० च्या आसपास शॉट हुकत, आज ९५ च्या आसपास. हुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे कुणाला तरी रिबाउंडची संधी. चेंबरलेन यांचे एका सामन्यातले ५५ रिबाउंड (२४ नोव्हेंबर १९६०, समोर रसेल यांचाच संघ) किंवा रसेल यांची २२.५ ची सरासरी आजच्या खेळाडूशी थेट ताडून बघता येत नाही ती एवढ्यासाठी.

दुसरी बाब मिनिटांची. सामना ४८ मिनिटांचा असताना त्या मोसमात चेंबरलेन सरासरी ४८.५ मिनिटं खेळले. आकडा चुकीचा वाटतो, पण बरोबर आहे. बरोबरी सुटण्यासाठी ५ मिनिटांचा जादा वेळ खेळवतात, तोही ते खेळले. मोसमभरात एकूण जवळपास आठच मिनिटं ते बाकावर होते. आज प्रमुख खेळाडू ३४-३५ मिनिटं खेळतो आणि अधूनमधून सामनेच वगळतो. वेगवान लीगमुळे चेंबरलेन यांचे गुण फुगले हे खरं. ती मिनिटं मात्र कुठल्याही पावसाने फुगलेली नाहीत, ती सगळी अंगावर काढलेली आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना १०० गुणांआधी ही मिनिटं यावीत असं आम्हाला वाटतं.

त्यांना रोखायला लीगने मैदानच बदललं. रिंगखालचा रंगवलेला पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्या खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो १९६४ ला १२ फुटांवरून १६ फूट रुंद केला. त्याआधी १९५१ ला जॉर्ज मायकन या उंच खेळाडूमुळे तो ६ फुटांवरून १२ झाला होता. ज्या खेळाडूमुळे नियम बदलला, त्याच्या श्रद्धांजलीत तो नियम यायलाच हवा.

जे मोजलंच नाही

१९६१-६२ च्या त्याच मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा मान कुणाला मिळाला? ५०.४ वाल्या चेंबरलेनना नाही. १८.९ च्या सरासरीने खेळलेल्या रसेलना. तेव्हा मतदान पत्रकार करत नसत, खुद्द खेळाडू करत. रोज समोर उभं राहणाऱ्यांनी दिलेला तो निकाल होता.

रसेल यांचं खरं काम बचावाचं, आणि बचाव मोजायची सोयच नव्हती. ब्लॉक आणि स्टील यांची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ पासून ठेवली. रसेल १९६९ लाच निवृत्त झालेले. म्हणून अधिकृत यादीत त्यांच्या नावावर एकही ब्लॉक नाही, आणि ३,२८९ ब्लॉकचे डिकेम्बे मुटोम्बो दुसऱ्या क्रमांकावर दिसतात. यादी खोटी नाही. ती १९७३ पासूनची आहे, एवढंच तिच्यावर लिहायचं राहून जातं.

रसेल यांच्या ब्लॉकची रीत समजून घेण्यासारखी आहे. जोरात थप्पड मारून चेंडू प्रेक्षकांत धाडला की टाळ्या मिळतात, पण चेंडू मैदानाबाहेर गेल्यामुळे पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. रसेल चेंडू हलकेच, बहुतेक वेळा आपल्या माणसाच्या दिशेने टोलवत. ब्लॉक झाला, चेंडूही आपला झाला आणि समोरचे पाचजण परत फिरायच्या आत प्रतिहल्ला सुरू. हा सगळा फायदा एका ओळीत मांडणारा रकाना आजही नाही. आणि रसेल उभे आहेत म्हणून जो शॉट प्रतिस्पर्ध्याने टाकलाच नाही, तो कुठे लिहायचा?

पुरस्कारांचंही तसंच. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९६९ ला सुरू झाला. ते रसेल यांचं शेवटचं वर्ष, ११ वं विजेतेपद. पण पहिलाच पुरस्कार गेला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्ट यांना. सातव्या आणि निर्णायक सामन्यात त्यांनी ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले होते. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळाल्याचं ते आजवरचं एकमेव उदाहरण. म्हणजे ११ विजेतेपदं जिंकलेल्या माणसाकडे हा पुरस्कार एकदाही नाही. २००९ पासून त्या पुरस्काराला रसेल यांचंच नाव आहे.

वेस्ट १२ जून २०२४ ला, ८६ व्या वर्षी गेले. एनबीएच्या चिन्हातली आकृती त्यांच्यावरून घेतलेली आहे. चेंडू हिसकावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं त्यांच्याबरोबरचे सांगत, पण अधिकृत स्टील फक्त शेवटच्या मोसमाचे आहेत, त्यातही ते दुखापतीमुळे ३१ सामनेच खेळले.

पीट मॅराविच यांच्या बाबतीत तीन गुणांची रेषाच नव्हती. कॉलेजमध्ये त्यांनी ८३ सामन्यांत ३,६६७ गुण केले, सरासरी ४४.२, आणि तेव्हा तीन गुणांची कमान नव्हती. कितीही लांबून टाकला तरी दोनच. एनबीएत ही रेषा १९७९-८० ला आली, तो त्यांचा शेवटचा मोसम. त्यात त्यांनी १५ प्रयत्नांपैकी १० आत टाकले.

‘पण तेव्हा संघच आठ होते!’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. रसेल आले तेव्हा लीगमध्ये आठच संघ होते. विजेतेपदासाठी बहुतेक वेळा प्लेऑफच्या दोनच मालिका जिंकाव्या लागत, आज चार लागतात. खेळाडू जवळजवळ सगळे अमेरिकन. म्हणून ११ हा आकडा आजच्या ११ इतका जड नाही, हे मान्य करायला हवं.

याला दुसरी बाजूही आहे. आठ संघ म्हणजे अख्ख्या देशात शंभरेक जागा. आज साडेचारशेच्या आसपास आहेत. त्यामुळे त्या काळी लीगमधला शेवटचा खेळाडूही निवडून-पारखून आलेला असे, आणि एका मोसमात चेंबरलेन समोर आठ-दहा वेळा उभे राहत. शिवाय कृष्णवर्णीय खेळाडू किती घ्यायचे यावर संघमालकांची अलिखित मर्यादा होती. रसेल आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये हॉटेलात जेवण नाकारलं गेलं. ते प्रदर्शनी सामना न खेळता परतले. १९६६ ला तेच रसेल बोस्टन सेल्टिक्सचे खेळाडू-प्रशिक्षक झाले, एनबीएतले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्यानंतरची दोन विजेतेपदं त्यांनी स्वतः खेळत आणि संघ चालवत जिंकली.

आजच्या संघापुढे तो संघ टिकला असता का, हा प्रश्न आम्ही सोडून देतो. कॅनव्हासचे बूट आणि आजचा आहारतज्ज्ञ यांची लढत लावता येत नाही. आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा तो किती पुढे होता, एवढंच विचारावं.

अकाली गेलेल्यांची रास लहानच असणार

क्रोएशियाचे ड्रॅझेन पेट्रोव्हिच ७ जून १९९३ ला जर्मनीत मोटार अपघातात गेले, वय २८. एनबीएतले त्यांचे मोसम चारच. एकूण गुणांच्या यादीत ते शोधूनही सापडणार नाहीत. अशा वेळी रास आणि उतारा दोन्ही बाजूला ठेवून चढ बघावा, म्हणजे दर मोसमाची सरासरी ओळीने लिहावी. १९८९-९० मध्ये पोर्टलंडच्या बाकावरून येऊन ७.६. पुढच्या मोसमात अर्ध्यातून न्यूजर्सीला गेल्यावर तिथे १२.६. मग २०.६. मग २२.३, आणि त्या शेवटच्या मोसमात तीन गुणांचे शंभरातले जवळजवळ ४५ आत. हा चढ कुठे थांबला असता ते सांगता येत नाही, पण थांबलेला नव्हता हे आकडेच सांगतात. २००२ ला त्यांना स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तिथे युरोपातला, ऑलिम्पिकमधला, कॉलेजमधला असा सगळाच खेळ धरला जातो, फक्त एनबीए नाही.

लेन बायस यांच्याकडे तर चढही नाही. १७ जून १९८६ ला, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बोस्टनने त्यांना दुसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि १९ जूनला, वयाच्या २२ व्या वर्षी कोकेनमुळे ते गेले. एनबीएतला त्यांचा एकही सामना नाही.

इतके जण हृदयाने का जातात?

मॅराविच ४० व्या वर्षी, जानेवारी १९८८ मध्ये, मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळले. शवविच्छेदनात दिसलं की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्यांपैकी डावी त्यांना जन्मापासूनच नव्हती. त्या हृदयावर ते दहा मोसम खेळले होते. बोस्टनचे रेगी लुईस एप्रिल १९९३ मध्ये प्लेऑफच्या सामन्यात भोवळ येऊन पडले. एका तज्ज्ञ गटाने आजार गंभीर ठरवला, नंतरच्या दुसऱ्या मताने सौम्य. २७ जुलैला सराव करताना ते गेले, वय २७. मोझेस मलोन २०१५ ला ६० व्या वर्षी.

डॉक्टरांचा गोंधळ होतो त्याला कारण आहे. वर्षानुवर्षं कसून व्यायाम करणाऱ्याचं हृदय आपोआप मोठं आणि जाड होतं, ते निरोगी असतं. हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषाने जाड होण्याचाही एक आजार आहे, त्यात धावताना हृदयाची लय बिघडून माणूस क्षणात जाऊ शकतो. सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत ही दोन्ही हृदयं सीमारेषेवर बरीच सारखी दिसतात. दोन मीटरच्या माणसाचं हृदय मुळातच मोठं, त्यामुळे सर्वसाधारण मापं त्याला लागू पडत नाहीत. आज एनबीएत दर मोसमाआधी ईसीजी आणि इको सक्तीचे आहेत. निवृत्तांचं काय, हा प्रश्न २०१५ च्या मृत्यूंनंतर ऐरणीवर आला आणि २०१६ ला खेळाडूंच्या संघटनेने किमान तीन मोसम खेळलेल्या सगळ्या निवृत्त खेळाडूंचा आरोग्य विमा काढायचं ठरवलं.

हे मराठवाड्यातल्या क्रीडाशिक्षकांच्या थेट कामाचं आहे. आपल्याकडे मुलगा मैदानावर पडला की पहिलं वाक्य येतं, ‘ऊन लागलं.’ एप्रिल-मे मध्ये ४२ अंशांत ते बऱ्याचदा खरंही असतं. फरक असा बघावा: सामना संपल्यावर, उभं राहिल्यावर चक्कर आली आणि झोपवून पाय वर केल्यावर बरं वाटलं, तर बहुधा पाणी-मीठ कमी पडलेलं. पूर्ण वेगात धावताना, कसलीही सूचना न मिळता कोसळला, किंवा धावताना छातीत दुखलं, किंवा घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं आहे, तर लिंबूपाणी देऊन पुन्हा उतरवायचं नाही. ईसीजी, इको आणि हृदयरोगतज्ज्ञाची लेखी परवानगी मिळेपर्यंत खेळ बंद.

कोसळलेला हाक मारूनही जागा होत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. तोंडावर पाणी मारण्यात आणि तळपाय चोळण्यात जी दोन मिनिटं जातात तीच महत्त्वाची असतात.

चेंडू हातात धरून सगळे उभे का होते?

कोबी ब्रायंट २६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टर अपघातात गेले. १३ वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सातजणही त्यात गेले. आपल्याकडे तेव्हा प्रजासत्ताक दिनाची रात्र होती, सव्वाअकरा वाजलेले. २६ ला बहुतेक मराठी दैनिकांना सुट्टी असते, २७ चा छापील अंक निघत नाही, त्यामुळे ही बातमी बऱ्याच वाचकांना आधी मोबाईलवरच कळली. सोबत एक व्हिडिओ फिरला: सामना सुरू होतो आणि खेळाडू चेंडू घेऊन नुसते उभे राहतात.

एनबीएत चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत शॉट टाकावाच लागतो. हा नियम १९५४ चा. त्याआधी आघाडी घेतलेला संघ चेंडू धरून वेळ काढत बसे, १९५० मधला एक सामना तर १९-१८ वर संपला होता. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद भागिले दोन्ही संघांचे मिळून १२० शॉट, यातून २४ आले. त्या रात्री टोरांटो आणि सॅन अँटोनिओच्या संघांनी आळीपाळीने ही २४ सेकंदं मुद्दाम संपू दिली, कारण कोबींच्या पाठीवर २४ क्रमांक होता. आधीची दहा वर्षं त्यांचा क्रमांक ८ होता, आणि चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायला ८ सेकंदांची मर्यादा असते. ती मोडूनही काही संघांनी मानवंदना दिली.

लेकर्सने ८ आणि २४ हे दोन्ही क्रमांक डिसेंबर २०१७ लाच ‘निवृत्त’ केले होते, म्हणजे त्या संघात ते पुन्हा कुणाला मिळणार नाहीत. रसेल यांचा ६ क्रमांक ऑगस्ट २०२२ मध्ये संपूर्ण लीगमध्ये निवृत्त झाला. ज्यांच्या पाठीवर तो आधीपासून होता त्यांना तो ठेवायची मुभा दिली. लीगभर क्रमांक निवृत्त होण्याचं हे एनबीएतलं पहिलंच उदाहरण.

मैदानाबाहेरचं किती लिहावं? ज्याने तिथे काम केलं त्याचं भरपूर. मुटोम्बो ३० सप्टेंबर २०२४ ला ५८ व्या वर्षी मेंदूच्या कर्करोगाने गेले. काँगोची राजधानी किन्शासा इथे आईच्या नावाने त्यांनी उभारलेलं ३०० खाटांचं रुग्णालय २००७ पासून चालू आहे. ते ३,२८९ ब्लॉकच्या आधी लिहिलं तरी चालेल.

आपल्या जिल्ह्यातला खेळाडू गेला तर?

चौकात फ्लेक्स लागतो: ‘राष्ट्रीय बास्केटबॉलपटू’, आणि जन्म-मृत्यूच्या तारखा. रसेल यांचे ब्लॉक मोजले नाहीत, आपल्याकडे गुणही जपलेले नसतात. तरी बरंच सापडतं, शोधायची जागा माहीत हवी.

‘राष्ट्रीय’ म्हणजे कोणती, हे आधी ठरवा. शालेय राष्ट्रीय, कुमार गट, वरिष्ठ गट आणि आंतरविद्यापीठ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रमाणपत्रावर स्पर्धेचं पूर्ण नाव, ठिकाण आणि वर्ष असतं, ते जसंच्या तसं उतरवून घ्या. शालेय राष्ट्रीयला कमी लेखायचं कारण नाही, पण तिला वरिष्ठ गट म्हणायचंही नाही. एक चुकीचा शब्द सापडला की वाचणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

मग जिल्हा बघा. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादमधून, हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून. १९७८ साली लातूर शहरातला मुलगा जिल्हा संघातून खेळला असेल तर कागदावर ‘उस्मानाबाद’ असणार, आणि तो जिल्हा आज धाराशिव आहे. जुन्या कागदांत ‘लातूर’ शोधत बसलात तर तो खेळाडू कधी खेळलाच नाही असं वाटेल. विद्यापीठाचंही हेच. १९५८ ते १९९४ पर्यंत नांदेड-लातूरची महाविद्यालयंसुद्धा मराठवाडा विद्यापीठाखाली होती. जानेवारी १९९४ ला त्याचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आलं. १९८८ चा नांदेडचा आंतरविद्यापीठ खेळाडू औरंगाबादच्या नोंदीत सापडेल.

तिसरं, त्या वर्षीचे नियम. आंतरराष्ट्रीय नियमांत २००० पर्यंत सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा होता आणि शॉटसाठी ३० सेकंद मिळत. तीन गुणांची रेषा १९८४ ला आली, तीही ६.२५ मीटरवर, २०१० पासून ती ६.७५ वर गेली. त्यामुळे १९८० च्या आधीच्या खेळाडूचे एका सामन्यातले २४ गुण म्हणजे दोन-दोनचे आणि एक-एकचेच. चाळीस मिनिटांत, सिमेंटच्या उघड्या मैदानावर.

स्कोअरशीट मिळाली तर सोनं. नियमपुस्तकाप्रमाणे तिच्या चार प्रती निघतात: पांढरी मूळ प्रत वरच्या संस्थेला, निळी आयोजकांना, गुलाबी जिंकलेल्या संघाला, पिवळी हरलेल्याला. म्हणून हरलेल्या संघाच्या व्यवस्थापकाकडेही विचारा, त्याच्या फायलीत पिवळी निघू शकते. उजवीकडे १ पासून चढत्या आकड्यांचे रकाने असतात, तो चालू गुणफलक. आकड्यावर तिरकी रेघ म्हणजे मैदानी बास्केट, भरीव टिंब म्हणजे फ्री थ्रो, शेजारच्या खेळाडू-क्रमांकाभोवती गोल म्हणजे तीन गुण. खालची बेरीज पुसली गेली असली तरी हा रकाना वरून खाली वाचत गेलात की एकेका खेळाडूचे गुण मोजून काढता येतात. खालच्या प्रतींवरची अक्षरं वर्षांगणिक फिकी होतात. आजच दिवसाउजेडी, कागद सपाट ठेवून, बरोबर वरून फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने अक्षरं आणखी उडतात आणि कागद पुन्हा सुटा होत नाही.

कागद न सापडल्यास माणसं आहेत. सहकाऱ्यांआधी त्याच्या विरुद्ध खेळलेल्यांकडे जा. ‘कसा खेळायचा?’ असं विचारलं की ‘फार भारी’ एवढंच उत्तर येतं. ‘तुम्ही त्याला अडवायला कुणाला ठेवायचात? तो कोणत्या बाजूने आत शिरायचा? शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाकडे द्यायचे?’ असं विचारा. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी एकच गोष्ट सांगितली तर लिहा, एकानेच सांगितली तर त्याच्या नावानिशी लिहा.

‘घरचे दुःखात असताना कागद कसे मागायचे?’ हा संकोच बरोबर आहे. तेरावं होऊ द्या. पण घर आवरण्याआधी जा, कारण ब्लेझर ठेवला जातो आणि जुनी फाईल रद्दीत जाते. मूळ कागद घरच्यांनाच परत द्या. प्रत्येक फोटोच्या फाईलला वर्ष, तेव्हाच्या जिल्ह्याचं नाव, स्पर्धा आणि खेळाडूचा जर्सी क्रमांक असं नाव द्या. एक संच कुटुंबाकडे, एक त्याच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात आणि एक जिल्हा संघटनेकडे पोच घेऊन द्या.